लुकसची माफी

आमच्या मालकांना माफ करायचं येड हाय. कुनाला तंबाखूचं असतं, कुनाला पत्त्याचं, ह्यांना माफ करायचं. धाकटा भाऊ लुकस काहीतरी करून ठिवनार आन् ह्यांनी टोपी सरळ करून म्हनायचं, "जाऊ दे, माफ हाय बाबा." लग्नाला एकतीस वर्सं झाली, एकतीस वर्सं मी हेच बघत आले. लुकसच्या शेळ्या आमच्या लसूनघासात शिरल्या, माफ. आमचं कोळपं नेलं आन् दांडी मोडून बांधावर फेकून दिलं, माफ. आमच्या थोरल्याच्या साखरपुड्याला पिऊन आला आन् इहिनबाईच्या पुढ्यात गानं म्हनला, तेबी माफ. मी म्हनायची, "अवो याकोबराव, निदान डोळं तरी वटारा!" तर म्हनायचे, "डोळं दुखत्यात गं, सत्यशीले."

श्रीरामपुरापासून एसटीनं अर्ध्या तासावर आमची वाडी. ख्रिस्ती लोकांची पंचवीस-तीस घरं आन् पत्र्याचं एक चर्च. पाळकसाहेबांकडं चार गावं, म्हनून आमच्याकडं प्रभुभोजन महिन्याच्या तिसऱ्या रविवारी. त्याला आमच्यात एक जुनी चाल हाय, आज्या-पंज्यापासूनची. भाकर मोडायच्या आधी पाळकसाहेब थांबत्यात. ज्याचं ज्याच्याशी वाकडं असंल त्यानं उठून त्याच्यापाशी जायचं, हात हातात घ्यायचा, "शांती असो" म्हनायचं. तवर सगळी पंगत थांबती. जमलंच न्हाई, तर ज्याची चूक त्यानं भाईर कडूलिंबाखाली जाऊन बसायचं, मंग बाकीच्यांनी भोजन घ्यायचं. एकदा का मानूस लिंबाखाली बसलं, की सहा महिनं नळावर दुसरा विषय न्हाई. माझ्या सासूबाई मरंस्तवर सांगत हुत्या, "आपल्या घरचं कुनी आजपत्तूर लिंबाखाली बसलेलं न्हाई." मीबी कधी बसले नव्हते. लुकसचा हात धरायचे, तोंडानं "शांती असो" म्हनायचे, आन् मनात म्हनायचे, तुजा मुडदा बशिवला.

हे असं चाललं हुतं, ते ह्या एप्रिलपत्तूर.

विहीर आमची दोघा भावांत सामाईक. उन्हाळ्यात मोटर दोन तास चालली की तळ दिसतो. म्हनून दिवस वाटून घेतल्यात, एक दिवस आमचा, एक दिवस त्यांचा. त्या आठवड्यात मंगळवार आमचा. आमच्या भुईमुगाला आऱ्या सुटल्या हुत्या. फुलातनं बारीक सुया निघून जमिनीत शिरत्यात आन् त्याच्या शेंगा हुत्यात, त्या आऱ्या. जमीन कडक झाली की त्या वरच्या वर वाळत्यात, मंग नुसता पाला खायचा.

दहाला लाईट आली. मी फावडं खांद्यावर टाकून गेले, तर मोटर आधीच चालू. पानी लुकसच्या कडवळात, जनावरांच्या वैरनीत.

"ए लुकस! आज वार कोनता?"

"सोमवार न्हाई का, वहिनी?"

"सोमवार तुज्यासाठी दोनदा येतो व्हय रं, आठवड्यातनं?"

त्यानं डोकं खाजवलं. पंचेचाळिशीला आलाय, पन डोकं खाजवायला लागला की माझ्या लग्नात खिशात लाडू भरून पळनारा पोरगाच दिसतो. "आरं तिच्यायला, चुकलंच की. आता एवढं आलंय तर भिजू द्या, वहिनी. कडवळ पार वाळलंय."

तोवर आमचे मालक मागनं आले. मी म्हनलं, आता तरी बोलतील. त्यांनी विहिरीत वाकून बघितलं, टोपी सरळ केली.

"माफ हाय बाबा. भिजव."

मी फावडं तिथंच आपटलं आन् घरी आले. दिवसभर त्या मानसाशी एक शब्द बोलले न्हाई. त्यांना ते कळलंबी न्हाई, हे आनिक.

बुधवार लुकसचाच हुता. त्यानं स्वतःहून म्हनायला पायजे हुतं, वहिनी, काल तुमचं खाल्लं, आज तुमी घ्या. न्हाई म्हनला. कडवळ झालं, मंग बुधवारी त्यानं घास भिजवला. मालकांनी मागितलं न्हाई. मी बांधावर उभी ऱ्हाऊन आमच्या भुईमुगात बोट घालून बघितलं, तर नख मोडलं.

गुरुवारी मालक गाईचं औषिध आनायला श्रीरामपूरला गेले. गाय तीन दिवस वैरनीला तोंड लावत नव्हती. घरात मी एकटी. थोरला असतो सुप्याला कारखान्यात, लेक नांदायला गेलेली. लाईट आल्याबरोबर मी मोटर चालू केली आन् पाटाच्या कडंनं निघाले.

आमच्या रानात जानारा पाट लुकसच्या कांद्याला लागून जातो. त्याचा अर्ध्या एकराचा कांदा सोमवारी उपटून झाला हुता. लुकसची बायको पुष्पावती आन् दोन बाया, दिवसभर वाकून उपटत हुत्या. ऊन लागू नये म्हनून एका वळीच्या कांद्यावर दुसऱ्या वळीची पात, असा सगळा कांदा वाफ्यात झाकून वाळत घातलेला. शुक्रवारी पात कापायची आन् कांदा बांबूच्या चाळीत भरायचा. एकदा चाळीत गेला की दिवाळीपत्तूर चिंता न्हाई. पन वाळलेल्या कांद्याला पानी लागलं की संपलं, आठ दिवसात घान सुटती.

पाटाच्या कडंला घुशीनं पोखरलं हुतं. आधी मनगटायेवढं भोक पडलं. पानी बुडबुड करत आत गेलं. मंग ढेकूळ सुटलं आन् पाट फुटला, तो सरळ लुकसच्या कांद्याकडं. माझ्यापासून पाच पावलांवर. हातात फावडं. चार ढेकळं टाकली असती तर काम भागलं असतं.

मी उभी ऱ्हायले.

पदरानं तोंड पुसलं. मनात म्हनलं, तुला पान्याची लई घाई ना रं लुकस? पी. पोट भरून पी. पानी पयल्या वाफ्यात पातीखाली शिरलं. वरनं काहीच दिसत नव्हतं, पात नुसती जरा उचलल्यासारखी झाली. मंग दुसऱ्या वाफ्यात. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. एकतीस वर्सांचं एकदाच निघालं.

तिसरा वाफा भरला. चौथ्यात पानी शिरलं आन् कडंचं चार-दोन कांदं उघडं पडून लाल लाल चमकायला लागलं. तवा मला पुष्पावतीचं अंगठं आठवलं. सोमवारी सांजच्याला ती नळावर आली हुती, दोनी अंगठ्यांना चिंध्या बांधून. कळशी तळव्यांवर तोलून उचलत हुती. तिनं माझं काय केलं हुतं? मी धावले, फावड्यानं, हातानं, पायानं माती वढून पाट बांधला. चिखलात बसले तशीच. चार वाफं गेलं हुतं.

दुपारी लुकस आन् पुष्पावती आमच्या दारात आले. मी वसरीत बसून लुगड्याचा चिखल खरडत हुते. पुष्पावतीचं डोळं लाल. मी उठून उभी ऱ्हायले. मला वाटलं, कुनी बघितलं जनू.

लुकस खाली बघत म्हनला, "वहिनी, चूक माजी हाय. ते घुशीचं बीळ मला परवाच दिसलं हुतं. आज बुजवू, उद्या बुजवू करत ऱ्हायलो. कांदं तर गेलंच, पन तुमचं पानीबी वाया गेलं. तुमी पाट बांधला म्हनून बाकीचं वाचलं. मला माफ करा."

देवा! एकतीस वर्सांत त्यानं माझ्याकडं पयल्यांदा माफी मागितली, आन् तीबी माझ्याच पापाची. माझ्या तोंडातनं "असू दे, असू दे," येवढंच निघालं. मंग म्हनले, "पुष्पे, चल, वल्लं कांदं येगळं काढू."

आमी दोघी जावा सांज हुईस्तवर वाकलो. वल्लं कांदं चिखलातनं उपसायचं, पुसायचं, खडकावर पसरायचं. लुकस टोपल्यांनी वाहत हुता आन् घुशीच्या सात पिढ्यांना शिव्या देत हुता. कंबर धरली. उन्हानं मानंवर चटका बसला. पुष्पावती चिंधी सोडायची, अंगठ्यावर फुंकर मारायची, परत बांधायची. एकदा माझ्याकडं बघून म्हनली, "बाई, तुमी हुत्या म्हनून. दुसरं कुनी असतं तर बघत बसलं असतं." मी कांदा पुसत ऱ्हायले. आधीचाच सडलेला हुता तो, सगळा रस हातावर आला. वास जाईना.

शुक्रवारीबी लुकसनं धंदा हाच केला, पात कापायचं ऱ्हायलं. बिळाबिळात मिरच्यांचा धूर कोंडला. घूस काय निघाली न्हाई, आख्खी वाडी खोकत हुती. मला जेवन गोड लागंना. परवा रविवार, तोबी तिसरा.

शनिवारी सकाळी मालक धार काढत हुते. गाय आता खायला लागली हुती. मी वासरू धरून उभी. म्हनलं, आता न्हाई बोलले तर कवाच न्हाई.

"अवो, तो पाट फुटला ना, मी बघितला. फुटताना बघितला. फावडं हातात हुतं. उभी ऱ्हायले मी."

चरवीत धार पडत ऱ्हायली. "किती येळ?"

"चार वाफं."

"हं." त्यांनी दुसरा सड धरला. "मंग जा आन् चार वाफ्यांचं सांगून ये."

"तुमीच माफ करा की मला. तुमाला सवय हाय."

"माजं कांदं न्हाईत ते, सत्यशीले. मी कुठलं माफ करू?"

"आन् त्यानं न्हाई केलं तर?"

"तर न्हाई. सांगायचं तुज्याकडं, करायचं त्याच्याकडं."

मला रडू आलं. रडताना रागबी आला, कारन मानूस इतक्या शांतपनानं बोलत हुतं जसं काय मी दळनाची गोष्ट सांगितली. "तुमाला बरं जमतं हो! लुकसनं येवढं केलं, एकदा तुमाला राग आला न्हाई. हे शिकलात कुठं?"

"राग का येत न्हाई? येतो की. पन सराव हाय."

"कुनावर केला सराव?"

त्यांनी मान वर केली. चरवी बाजूला ठिवली. माझ्याकडं नीट बघितलं आन् म्हनले, "घरातच."

मला समजायला जरा येळ लागला. मंग मी वासराचं दावं फेकलं त्यांच्या अंगावर. पन हसूबी आलं. रडत रडत हसत हुते मी, आन् वासरू सुटून गाईला लुचायला लागलं, सकाळचं निम्मं दूध गेलं.

दोघं गेलो लुकसच्या घरी. लुकस चाळीच्या बांबूला तार आवळत हुता, पुष्पावती अंगनात पात कापत हुती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. घुशीनं पोखरलं ते खरं, पन मी बघत ऱ्हायले, हे सांगितलं. मंगळवारच्या पान्याचा राग हुता, हेबी सांगितलं. लपवलं काही न्हाई.

लुकसच्या हातातली पक्कड खाली पडली.

"उभ्या ऱ्हाऊन बघितलं? माजं कांदं बुडताना?"

"व्हय."

"आन् मी दोन दिवस घुशीला शिव्या देतोय! मिरच्या जाळल्या किलोभर! तुमच्या दारात येऊन माफी मागितली, आन् तुमी म्हनल्या, असू दे?" त्याचा आवाज चिरकला. "मी वैरी हाय का तुमचा, वहिनी?"

"लुकस, माजं चुकलं. मला माफ कर."

"न्हाई करत!"

मला वाटलं नव्हतं. खरं सांगते, मला वाटलं हुतं तो डोकं खाजवंल आन् संपंल. पन त्याला माफी घ्यायची सवय, द्यायची कुठं हुती? त्याला ते हत्यार धरायलाच येत न्हवतं. माझं डोकं सनकलं.

"बरं! आन् तुज्या शेळ्यांनी घास खाल्ला तो? कोळपं मोडलंस ते? आमच्या पोराच्या साखरपुड्याला..."

"ते दादानं माफ केलंय!" लुकस वरडला. "माफ केलेलं परत उकरायचं न्हाई! हाय का न्हाई, दादा?"

"बरोबर हाय त्याचं," आमचे मालक म्हनले. आन् मंग माझ्याकडं वळून, खरंच काही आठवत नसल्यासारखं, "कुठलं कोळपं गं?"

ह्या मानसानं नुसतं तोंडानं माफ केलं न्हवतं, पार पुसून टाकलं हुतं. आन् मी एकटीच एकतीस वर्सं ते सगळं जपून, वाळवून, झाकून ठिवत आले हुते. मला माझीच लाज वाटली, आन् कीवबी आली.

पुष्पावती विळा खाली ठिवून म्हनली, "बाई, एक सांगा. चौथ्या वाफ्याला पाट बांधला तो का?"

"तुजं अंगठं आठवलं मला."

तिनं आपल्या अंगठ्यांकडं बघितलं. मंग उठली, "चा टाकते," म्हनून आत गेली. आमी चा पिऊन आलो. तिच्याकडनं माफ झालं ते तेवढ्यातच, मला कळलं. लुकसनं मात्र कप हातात घेतला न्हाई. चाळीकडं तोंड करून म्हनला, "उद्या लिंबाखाली बसा म्हनावं."

रविवारी मी धुवट पांढरं लुगडं नेसले. मालक म्हनले, "नको यायचं तर नको येऊ." मी म्हनले, "आले न्हाई तर आनिकच बोलतील. आन् माजं मन म्हनतंय की जावं." रस्त्यानं दोघं काही बोललो न्हाई. कवळं ऊन हुतं, लिंबाला बारीक मोहर आलेला. बसायला जागा तशी वाईट न्हवती, असंबी एकदा मनात आलं.

पाळकसाहेब त्या दिवशी काय बोलले ते सगळं लक्षात न्हाई. येवढं आठवतंय, की सातदा माफ करून थांबायचं न्हाई, साताच्या सत्तरपट झालं तरी थांबायचं न्हाई. "आणि जो मोजत बसतो," ते म्हनले, "त्यानं अजून एकदाही केलेलं नसतं." मी सतरंजीच्या दशा वढत बसले. मंग त्यांनी भाकरीवरचा पांढरा रुमाल काढला, हात जोडलं आन् थांबले.

बायकांच्या बाजूनं मी उठले. मधली मोकळी जागा वलांडून पुरुषांच्या बाजूला गेले. लुकस तिसऱ्या वळीत, वरच्या पंख्याकडं बघत बसलेला. मी हात पुढं केला.

"लुकस, शांती असो."

त्यानं पंख्यावरनं नजर काढली न्हाई. माझा हात तसाच हवेत. पंख्याचा आवाज तेवढा येत हुता. एक म्हातारी खोकली. सगळ्या चर्चला समजलं की काहीतरी हाय, काय हाय ते मातुर कुनाला ठाव न्हवतं. पाळकसाहेबांनी डोळं मिटून घेतलं. ते थांबले, सगळी पंगत थांबली, आमचे मालक मान खाली घालून बसले हुते आन् त्यांचं ओठ हलत हुतं.

मी हात मागं घेतला. दाराकडं निघाले. आत काहीतरी हलकं हुतं. माझ्याकडनं मागून झालं हुतं. उंबऱ्यावर आले, एक पाय चपलेत घातला.

"ओ वहिनी! चालल्या कुठं?"

"लिंबाखाली."

"थांबा की जरा! मानसाला इचार करायला येळ द्याल का न्हाई?"

लुकस उठला. लोकांच्या मांड्यांवरनं पाय टाकत टाकत मधे आला. तोंड लालबुंद. जल्मात पयल्यांदा जड वझं उचलनाऱ्या मानसासारखा छाती भरून श्वास घेतला त्यानं, आन् लिलाव पुकारावा तसा वरडला:

"मी ह्यांना माफ केलं! सगळ्यांनी ऐका! गुरुवारी माज्या चार वाफ्यांचा कांदा ह्यांनी उभं ऱ्हाऊन बुडू दिला, हातात फावडं असून! तरी मी माफ केलं!"

आरं देवा. त्या घडीपत्तूर घरच्या चौघांशिवाय कुनाला ठाव न्हवतं ते. सगळ्या बायकांच्या माना एकदम माझ्याकडं फिरल्या. पुष्पावतीनं कपाळाला हात लावला. माझ्या कानाची पाळी तापली, लुगड्यात घाम फुटला. ह्याच्यापरीस लिंबाखाली बरी बसले असते. आन् तो मातुर समोर उभा, हात पुढं करून, घाम पुसत, इतका खूश की जसं काय मला सोन्याचा दागिना केलाय. त्याच्या ध्यानातबी न्हवतं आपन काय केलं ते. बिचाऱ्यानं पयल्यांदाच दिली हुती माफी. जशी जमली तशी दिली.

माझ्या जिभंवर सगळं आलं. एकसे एक आलं. मालकांकडं बघितलं, तर ते मान वर करून माझ्याकडंच बघत हुते, आन् त्यांच्या डोळ्यांवरनं मला कळलं की त्यांना गेली एकतीस वर्सं, दर खेपेला, अगदी असंच वाटत आलंय.

एक पाय चपलेत, एक उंबऱ्याच्या आत. मी चपलेतला पाय काढला. आत आले, लुकसचा हात दोनी हातांत घेतला आन् म्हनले, "शांती असो." ह्या बारीला मनातबी तेवढंच म्हनले. पाळकसाहेबांनी डोळं उघडलं आन् भाकर मोडली.